प्रक्षेपीय भूमिती पुस्तक वाचून डोक्यात शिरत नाही. आकृत्या काढून शिकता येईल का?

येईल, आणि माझ्या मते तोच रस्ता बरा. या भूमितीत लांबी-कोनांना महत्त्व नाही. कोणता बिंदू कोणत्या रेषेवर पडतो एवढंच बघायचं. त्यामुळे कंपास लागत नाही. ए-थ्री कागद आडवा ठेवा, टोक केलेली २एच पेन्सिल आणि लांब पट्टी घ्या.

खालच्या कडेपासून ५ सेमीवर आडवी रेषा ओढा. डाव्या कडेपासून १७ सेमीवर 'अ', त्याच्या उजवीकडे ६ सेमीवर 'ब', आणि अ-पासून ४ सेमीवर 'क'. रेषेच्या वर १० सेमीवर 'प' घेऊन तो तिन्ही बिंदूंना जोडा. पक-वर कुठेही 'म' घ्या. अम वाढवली की पब-ला 'र' मध्ये छेदते, बम वाढवली की पअ-ला 'स' मध्ये. सर रेषा मूळ रेषेला जिथे मिळेल तो 'ड'. तो अ-पासून १२ सेमीवर यायला हवा. प आणि म बदलून पुन्हा काढा, ड तिथेच येतो. ड हा क-चा हरात्मक जोडीदार, म्हणजे क अब-ला आतून ज्या प्रमाणात भागतो, त्याच प्रमाणात ड बाहेरून भागतो.

खरी गंमत आता. क ३.५ सेमीवर आणा, ड २१ वर जातो. क बरोबर मध्यावर आला की सर मूळ रेषेला समांतर होते. क २.५ वर नेला की ड अ-च्या डावीकडे १५ सेमीवर उगवतो! उजवीकडे निसटलेला बिंदू डावीकडून आत येतो, कारण रेषेवर अनंतस्थ बिंदू (समांतर रेषा जिथे मिळतात असं मानतात तो) एकच असतो. फ्रेंच गणिती देझार्गने १६३९ मध्ये हाच विचार मांडला होता.

चुकतं ते बहुतेक इथेच. सर जवळजवळ आडवी असताना र अर्धा मिलिमीटर वर गेला, तरी २१ वरचा ड सेंटिमीटरभर सरकतो. प २० सेमी उंच घ्या आणि म-ची उंचीही दुप्पट करा, म्हणजे चूक निम्मी होते.

मग फरशीचा फोटो छापून घ्या. लांब जाणाऱ्या एका सांध्यावर जवळचा, चार फरश्यांपलीकडचा आणि आठ फरश्यांपलीकडचा आडवा सांधा अनुक्रमे अ, क, ब धरून ड काढा. प्रत्यक्ष फरशीवर क बरोबर मध्यावर आहे, म्हणून फोटोतला ड हे अनंतस्थ बिंदूचं चित्र. शेजारचे समांतर सांधे वाढवले की तेही ड-लाच मिळतात. लगतच्या दोनच फरश्या घेऊ नका, तिथे क जवळजवळ मध्यावर पडतो आणि छोट्या चुकीनेही ड फार सरकतो. फोटोच्या कडेचे सांधेही टाळा. तिथे भिंगामुळे रेषा किंचित वाकतात.