मुलांसह अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत दहा आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन पेरूतील तांबोपाता अरण्यातल्या निवासात राहण्याचा विचार आहे. झेपेल का?

उत्तर : अवश्य झेपेल. मात्र निघण्याच्या किमान १० दिवस आधी सर्वांनी पीतज्वराची लस घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण त्याविना परतल्यावर भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते. पुएर्तो माल्दोनादो शहरापासून पुढचा प्रवास बहुधा होडीतूनच होतो. तिथल्या काही निवासांत खोलीची जंगलाकडील बाजू भिंतीविना उघडीच असते. मच्छरदाणीत पडल्यापडल्या पहाटे हाउलर माकडांची घुमणारी गर्जना ऐकू येते आणि धाकट्याला आधी सांगून ठेवले नाही, तर तो वाघच आला असे समजून तुमच्या पांघरुणात शिरेल. नदीकाठच्या कड्यावर माती खायला उतरणारे मकाव पोपट पाहायचे, तर अंधारातच उठावे लागते. मुलांच्या मापाचे गमबूट तिथे मिळतात का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.