वाचकांचे प्रश्न : जपानच्या हेलिकॉप्टरवाहू युद्धनौका

जपानच्या ‘ह्यूगा’ आणि ‘इझुमो’ या वर्गांतल्या चार युद्धनौकांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (पुणे) : ‘इझुमो’चा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आहे आणि मनोरा उजव्या कडेला. दिसायला ती सरळसरळ विमानवाहू नौका. मग जपान तिला विनाशिका का म्हणतो?

जपानी भाषेत शब्द आहे ‘गोएइकान’, म्हणजे सोबत राहून रक्षण करणारी नौका. जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलातल्या जवळजवळ सगळ्या लढाऊ जहाजांना हाच शब्द लावतात. इंग्रजीत त्याचं ‘डिस्ट्रॉयर’ झालं आणि तिथून आपण ‘विनाशिका’ उचललं. यामागे जपानच्या राज्यघटनेचं, युद्धाचा त्याग करणारं ९वं कलमही आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं आणि ‘आक्रमक विमानवाहू नौका’ आम्ही बाळगू शकत नाही, असं जपान सरकारनं १९८८ मध्ये सांगितलेलं आहे.

पण हे नाव म्हणजे निव्वळ शब्दांचा खेळ आहे, असं आम्हाला वाटत नाही. या नौकांची वंशावळ पाहा. १९७३ ची ‘हारुना’ आणि १९७४ ची ‘हिएइ’ यांच्यावर पुढे दोन १२७ मिमी तोफा होत्या, मागे छोटा डेक आणि हँगरमध्ये ३ हेलिकॉप्टरं. १९८० ची ‘शिराने’ आणि १९८१ ची ‘कुरामा’ याच घडणीच्या. ‘ह्यूगा’ (२००९), ‘इसे’ (२०११), ‘इझुमो’ (२०१५) आणि ‘कागा’ (२०१७) या नौका त्या चौघींच्या जागी आल्या. काम तेच राहिलं : पाणबुडी शोधायची.

प्रश्न (रत्नागिरी) : साध्या फ्रिगेटवरही एक-दोन हेलिकॉप्टरं असतातच. मग फक्त हेलिकॉप्टरांसाठी २४८ मीटरचं जहाज कशाला?

प्रश्न अगदी नेमका आहे. हेलिकॉप्टरं किती आहेत, यापेक्षा त्यातली किती चोवीस तास हवेत ठेवता येतात, हे महत्त्वाचं.

या नौकांवरचं एसएच-६०के हेलिकॉप्टर ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाण्यापासून थोड्या उंचीवर स्थिर राहतं आणि केबलनं सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचा माग काढणारं यंत्र, खाली सोडतं. पाण्याचं तापमान खोलीनुसार बदलतं आणि त्यामुळे आवाजाचा मार्ग वाकतो. वरच्या कोमट थराखाली लपलेली पाणबुडी जहाजाच्या बुडाशी असलेल्या सोनारला अनेकदा ऐकूच येत नाही. केबलवरचा सोनार मात्र त्या थराच्या खाली नेता येतो. ऐकून झालं की तो वर ओढायचा, काही मैल पुढे जायचं, पुन्हा सोडायचा. एकट्या हेलिकॉप्टरला पाणबुडी चकवू शकते. त्यामुळे निदान दोन तरी लागतात : एक कानोसा घेतं, दुसरं पाणतीर (टॉर्पेडो) घेऊन योग्य जागी सरकतं.

आता हिशेब करा. समजा जाण्यायेण्याचा वेळ वगळून एका फेरीत २ तास प्रत्यक्ष शोध होतो. दोन हेलिकॉप्टरं सतत हवेत हवी असतील तर दिवसाला २४ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर इंधन भरायचं, इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं, तपासणी करायची. धुणं टाळता येत नाही. खालच्या उंचीवर स्थिर राहताना पंख्याच्या वाऱ्यानं खारं पाणी उडतं, मीठ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं आणि इंजिनाची ताकद घटते. त्यात एखादं हेलिकॉप्टर कायम दुरुस्तीत असतंच. तीन हेलिकॉप्टरांत हे गणित बसत नाही.

जुन्या नौकांची दुसरी अडचण डेकची होती. उतरण्याची जागा एकच. तिथे एखादं हेलिकॉप्टर बंद पडलं, की हवेतल्या बाकीच्यांना उतरायला जागा उरत नसे. ‘ह्यूगा’च्या डेकवर एकाच वेळी तीन आणि ‘इझुमो’च्या डेकवर पाच हेलिकॉप्टरांची चढउतार होते. एक अडकलं तरी काम चालू राहतं. सलग डेकचं खरं कारण हेच.

प्रश्न (नाशिक) : ‘इझुमो’ मोठी असूनही तिच्यावर ‘ह्यूगा’पेक्षा कमी शस्त्रं का?

१९७ मीटर लांबीच्या ‘ह्यूगा’ला आपल्या बळावर लढता यावं, असा विचार होता. डेकच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात १६ कप्प्यांचा उभा क्षेपणास्त्र-साठा आहे. एका कप्प्यात ४ विमानवेधी ईएसएसएम बसतात, त्यामुळे ४ कप्प्यांत १६. उरलेल्या १२ कप्प्यांत पाणबुडीवर सोडायची अ‍ॅसरॉक क्षेपणास्त्रं. शिवाय पाणतीरांच्या तिहेरी नळ्या दोन, आणि क्षेपणास्त्रांना दिशा देऊ शकणारं एफसीएस-३ रडार.

‘इझुमो’वरून यातलं बरंच काढलं. ओपीएस-५० हे रडार त्याच घराण्यातलं, पण शोधापुरतं. क्षेपणास्त्राला दिशा देणारा भाग त्यात नाही. स्वसंरक्षणासाठी जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या दोन फॅलॅन्क्स तोफा आणि प्रत्येकी ११ छोट्या क्षेपणास्त्रांचे दोन सीरॅम क्षेपक, एवढंच. वाचलेली जागा आणि पैसा डेक, हँगर, साठवण यांवर गेला : सुमारे ४०० सैनिक, साडेतीन टनी ५० ट्रक, ३५ खाटांचा दवाखाना आणि सोबतच्या जहाजांना देता येईल असं सुमारे ३,३०० किलोलिटर इंधन. या बदलाची किंमत अशी की ‘इझुमो’ एकटी फिरू शकत नाही. विमानवेधी छत्र सोबतच्या विनाशिकांनीच धरायचं. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. डेकच्या कोपऱ्यात क्षेपणास्त्रं ठेवली की ती सोडताना तिथली हेलिकॉप्टरं हलवावी लागतात, म्हणजे दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात.

प्रश्न (माझगाव, मुंबई) : इंजिनं कोणती?

दोन्ही वर्गांत चार एलएम२५०० गॅस टर्बाइनं, वेग ३० नॉट. हे टर्बाइन तुमच्या परिसराला नवं नाही : माझगाव गोदीत बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर ती दोन-दोन आहेत आणि कोचीत बांधलेल्या ‘विक्रांत’वर चार.

प्रश्न (टोरांटो) : ‘इझुमो’वर एफ-३५बी उतरलं म्हणतात. नुसता डेक रंगवून हे जमलं का?

नाही. एफ-३५बी हे थोडक्या जागेत उडणारं आणि सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान. ते या वर्गाच्या नौकांवरून चालवायचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला आणि काम टप्प्याटप्प्यानं सुरू आहे.

पहिली अडचण उष्णतेची. सरळ खाली उतरताना एफ-३५बी मागची नळी जमिनीकडे वळवतं. पुढच्या पंख्याची हवा थंड असते, मागचा झोत मात्र डेक भाजून काढतो. हेलिकॉप्टरांसाठीचा नेहमीचा खरखरीत लेप या झोतात सुटतो, आणि सुटलेला तुकडा इंजिनात गेला तर पाती मोडतात. म्हणून उतरण्याच्या जागी उष्णता सोसणारा थर दिला. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकी मरीन दलाची दोन एफ-३५बी ‘इझुमो’वर उतरली, ती एवढ्या तयारीवर.

दुसरी अडचण नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची. मूळ डेक पुढे निमुळता होत गेला होता. विमान डाव्या बाजूच्या रेषेवरून धावत उडतं, आणि नेमकी तीच बाजू पुढे कापलेली. शिवाय निमुळत्या कडांवर वारा घुसळतो. ‘कागा’चं काम २०२२ मध्ये जपानमधल्या कुरे इथे सुरू झालं, तिची नाळ चौकोनी केली आणि २०२४ च्या शरदात कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात तिच्यावर एफ-३५बीच्या चाचण्या झाल्या. ‘इझुमो’ची नाळ नंतरच्या टप्प्यात. ‘विक्रांत’सारखा वर उचललेला उतार मात्र जपाननं घेतला नाही. उतार असता तर हेलिकॉप्टरांची एखादी जागा गेली असती.

लिफ्टचं माप आधीपासूनच सोयीचं होतं. पुढची लिफ्ट सुमारे २० × १३ मीटर, विमान १५.६ मीटर लांब, १०.७ मीटर रुंद, आणि त्याचे पंख मिटत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम मीटरभर जागा उरते. मागची लिफ्ट उजव्या कडेला आहे, समुद्राकडची बाजू उघडी, त्यामुळे शेपटी थोडी बाहेर राहिली तरी चालतं.

जपाननं ४२ एफ-३५बी घ्यायचं ठरवलं आहे. ती हवाई स्वसंरक्षण दलाची, तळ मियाझाकी प्रांतातला न्यूताबारू; पहिली विमानं तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पंख न मिटणारं एक विमान हँगरमध्ये मिटवलेल्या दोन हेलिकॉप्टरांची जागा सहज खातं. जितकी विमानं चढवाल, तितक्या पाणबुडीशोधाच्या फेऱ्या कमी होतील. वर लिहिलेला २४ फेऱ्यांचा हिशेब तेव्हा कोलमडतो.

प्रश्न (कोल्हापूर) : २०२४ चा हेलिकॉप्टर अपघात यंत्रातल्या दोषामुळे झाला का?

नाही. २० एप्रिल २०२४ च्या रात्री तोरिशिमा बेटाजवळ पाणबुडीशोधाच्या सरावात दोन एसएच-६०के एकमेकांवर आदळली आणि ८ जण गेले. दोन्ही हेलिकॉप्टरांमधून पुरेशी नजर ठेवली गेली नव्हती आणि त्यांच्यात उंचीचं अंतर राखलं नव्हतं, असं तपासात ठरलं. हा धोका कामातच आहे. सगळी हेलिकॉप्टरं एकाच पाणबुडीमागे असतात, पाणबुडी सरकते तशी हेलिकॉप्टरंही अंधारात, कमी उंचीवर एकाच बिंदूकडे येत जातात. प्रत्येकाला वेगळी उंची ठरवून देणं हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय.

प्रश्न (विशाखापट्टणम) : २०१८ मध्ये इथे आलेली नौका यांपैकी कोणती? फोटोवरून कशी ओळखायची?

ऑक्टोबर २०१८ च्या जिमेक्स या भारत-जपान नौदल सरावाला आली ती ‘कागा’, सोबत ‘इनाझुमा’ ही विनाशिका. त्याआधी जुलै २०१७ च्या मलबार सरावासाठी ‘इझुमो’ बंगालच्या उपसागरात होती.

आधी जहाजावर लिहिलेला आकडा पाहा : १८१ ह्यूगा, १८२ इसे, १८३ इझुमो, १८४ कागा. आकडा दिसत नसेल तर मागची लिफ्ट शोधा. ती डेकच्या मध्ये असेल तर ह्यूगा वर्ग, उजव्या कडेला असेल तर इझुमो वर्ग. चौकोनी नाळ दिसली तर फोटो फेरबदलानंतरचा. तुमच्या २०१८ च्या फोटोत ‘कागा’ची नाळ निमुळतीच दिसेल.