आयसीयूत नव्या आलेल्या नर्सना शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) ओळखायला शिकवताना बीपीपासून सुरुवात करावी का?

नको, बीपी नंतर घ्या. आधी रुग्णाचा हात हातात धरून तो थंड पडलाय का ते पाहायला शिकवा. शरीर रक्तवाहिन्या आवळून बराच वेळ बीपी टिकवतं, विशेषतः तरुणांमध्ये, त्यामुळे मॉनिटरवर ११०/७० दिसत असतानाही शॉक सुरू झालेला असू शकतो. तर्जनीच्या शेवटच्या पेराची आतली बाजू काचेच्या स्लाइडने पांढरी पडेपर्यंत दाबायची, १० सेकंद धरायची, सोडायची. रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले की डॉक्टरांना कळवायचं. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गामुळे झालेल्या शॉकच्या) रुग्णांवर हीच पद्धत वापरली होती, दर अर्ध्या तासाने. रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक) वारंवार तपासण्यापेक्षा ती कमी पडली नाही. (आणि स्लाइड कुठल्याही लॅबमध्ये मिळते.) सोबत हे पाहायला लावा:

- युरोबॅग (लघवी जमा होणारी पिशवी) दर तासाला: ६० किलोच्या माणसाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी म्हणजे धोका
- गुडघ्यांवर जांभळट जाळी
- नवीन बडबड, अस्वस्थपणा. याला 'त्रास देतोय' म्हणून झोपेचं औषध मागण्याची सवय आधी मोडा

मात्र सेप्सिसच्या सुरुवातीला हात चक्क गरम लागू शकतात, आणि एसीत गारठलेलं बोट उगाच घाबरवतं. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीवरही विसंबू नका.