इन्फ्रारेड फिल्मवर सावळा वर्ण का उतरत नाही आणि गोंदण का उठून दिसते

मेणवलीच्या घाटावर आपल्या आजींचे आणि पलीकडच्या फडातल्या ऊसतोड कामगारांचे फोटो रोलाय इन्फ्रारेड ४०० या फिल्मवर, ७२० नॅनोमीटरचा (डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवून जवळजवळ फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा) फिल्टर लावून काढायचे आहेत आणि त्यांचा सावळा वर्ण नीट उतरावा म्हणून एक्स्पोजर किती द्यावे, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यावा, असे आपण विचारले आहे. आकडे पुढे देतोच, परंतु त्या फिल्टरमधून सावळा वर्ण उतरणारच नाही, मग एक्स्पोजर कितीही बदला.

त्वचेतले मेलॅनिन दृश्य प्रकाश भरपूर शोषते; तरंगलांबी वाढेल तसे हे शोषण घटत जाते आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, ते इतके कमी होते, की गोरा आणि सावळा चेहरा शेजारी बसवला तरी फिल्मवर दोघांतला फरक बराचसा पुसला जातो. शिवाय हा इन्फ्रारेड प्रकाश त्वचेत थोडा खोलवर शिरून, विखरून बाहेर येतो. त्यामुळे सुरकुत्या मऊ पडतात, ओठ फिके होतात आणि चेहरा मेणाचा असावा तसा दिसतो. लग्नाच्या स्थळासाठी द्यायच्या फोटोत मुलीचा रंग उजळवण्याची आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही, आणि ज्या माणसांचे उभे आयुष्य उन्हात गेले त्यांच्या बाबतीत तेच काम फिल्टरने नकळत करावे, हे तर मुळीच पटत नाही.

तरीही आजींच्या कपाळावर किंवा हातावर जुने गोंदण असेल, तर हीच फिल्म त्या फिल्टरसह जरूर वापरा. पारंपरिक गोंदणात काजळी असते आणि कार्बन इन्फ्रारेड प्रकाशही शोषतो. म्हणून भोवतालची त्वचा उजळते आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे हिरवट ठिपके काळेभोर उठून येतात. इजिप्तमधल्या ममींच्या काळवंडलेल्या त्वचेवरचे गोंदण संशोधकांना असेच दिसले. लाल कुंकू मात्र बहुधा त्वचेतच विरून जाईल, हे आजींना आधी सांगून ठेवा.

वर्णासाठी हीच फिल्म ७२० चा फिल्टर न लावता वापरावी. तेव्हा ती साध्या कृष्णधवल फिल्मसारखीच वागते. लाल फिल्टर टाळा, कारण तोही त्वचा उजळवतो. हिरव्या फिल्टरने त्वचेचा पोत आणि गडदपणा दोन्ही टिकतात. एक्स्पोजर चेहऱ्याजवळ जाऊन मोजावे आणि पांढरे लुगडे मीटरला फसवणार नाही याकडे लक्ष द्यावे.

गोंदणाच्या फोटोंसाठी ७२० चा फिल्टर लावल्यावर फिल्म साधारण १२ आयएसओची, म्हणजे प्रकाशाला बरीच मंद, धरा: भर उन्हात एफ ८ या छिद्राला १/३० सेकंद, आणि त्यानंतर एक व दोन स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट व चौपट प्रकाश, देऊन आणखी दोन फ्रेम घ्या, कारण प्रकाशात इन्फ्रारेडचा वाटा किती आहे हे मीटरला कळत नाही. ट्रायपॉड लागेलच. फिल्टरमधून जवळजवळ काही दिसत नसल्यामुळे चौकट आणि फोकस आधी ठरवावा, जुन्या लेन्सवर इन्फ्रारेडची खूण असल्यास अंतर त्या खुणेवर आणावे आणि मगच फिल्टर चढवावा. रीळ सावलीतही उघड्यावर भरू नका. या फिल्मचा थर ज्या पारदर्शक पट्टीवर असतो, तिच्यातून प्रकाश आत झिरपतो. घरात एलईडी दिव्याखाली हा प्रयोग करू नये, त्या उजेडात इन्फ्रारेड जवळपास नसतेच. घरातच फोटो घ्यायचा झाला तर जुना पिवळा बल्ब लावावा.