वाचक विचारतात: रोमन उपहास पश्चिमेत कसा रुजला?

मागच्या अंकात रोमन वारशावर लिहिलं होतं, कायदा, कॅलेंडर, सिनेट वगैरे, आणि जाता जाता एका ओळीत म्हटलं होतं की पश्चिमेतला उपहाससुद्धा मूळचा रोमचाच. त्या एका ओळीवर सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच.

प्रश्न: ग्रीकांकडे अ‍ॅरिस्टोफेनीस होता ना? तो तर कितीतरी आधी स्टेजवर नेत्यांची टर उडवायचा. मग सटायर, म्हणजे हे उपहासाचं लेखन, रोमन कसं? रोमन लोकांनी सगळंच ग्रीकांकडून उचललं असं वाचलंय.

बरंचसं उचललं हे खरंच आहे, आणि ते स्वतःही ते नाकारत नव्हते. महाकाव्य, शोकांतिका, तत्त्वज्ञान, सगळीकडे ग्रीक नमुना समोर ठेवूनच काम चालायचं. म्हणूनच क्विंटिलियनच्या बोलण्याला वजन आहे. हा पहिल्या शतकातला रोममधला नावाजलेला वक्तृत्वाचा शिक्षक, तो ग्रीक आणि लॅटिन साहित्याची एकेक प्रकार घेऊन तुलना करत जातो आणि सटायरपाशी आला की ठासून सांगतो, हे मात्र संपूर्ण आमचं.

फरक असा की अ‍ॅरिस्टोफेनीसचा उपहास नाटकातला, पात्रांच्या तोंडून, उत्सवात, गर्दीसमोर. रोमन लोकांनी नाटक काढून टाकलं आणि एकच माणूस उभा केला जो गप्पा मारल्यासारखा शहराबद्दल, पैशाबद्दल, बड्या लोकांबद्दल आणि स्वतःबद्दलही बोलत सुटतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ल्युसिलियसने हा प्रकार पक्का केला. त्याने 30 भाग लिहिले, त्यातल्या तेराशेच्या आसपास ओळी उरल्यात त्याही तुकड्या-तुकड्यांत, पण त्याने एक भारी गोष्ट केली, होमरचे वीर ज्या वृत्तात लढले तेच वृत्त त्याने बाजारातल्या गप्पांना लावलं. एका ठिकाणी तर त्याने देवांची सभाच भरवलीय, अगदी सिनेटसारखी, आणि विषय काय तर ल्युपस नावाच्या एका बड्या राजकारण्याचं काय करायचं.

आणि हो, समाजातही याला जागा होतीच. सेनापती जिंकून आला की त्याच्या विजयाच्या मिरवणुकीत त्याचेच सैनिक त्याच्यावर अचकट विचकट गाणी म्हणायचे. इ.स.पू. 46 मध्ये सीझरच्या मिरवणुकीत सैनिक गात होते की रोमकरांनो बायका सांभाळा, टकला बाहेरख्याली येतोय. सीझरचं चरित्र लिहिणाऱ्या स्यूटोनियसने हे लिहून ठेवलंय.

प्रश्न: होरेस आणि ज्युव्हेनल या दोन रोमन कवींची नावं नेहमी एकत्र येतात. दोघांत नेमका फरक काय?

थोडक्यात सांगतात ते असं की होरेस हसतो आणि ज्युव्हेनल चिडतो. हे खरं आहे पण अपुरं आहे, माझ्या मते फरक दोघांच्या परिस्थितीतून येतो.

होरेसचा बाप एकेकाळी गुलाम होता, नंतर मुक्त झाला, आणि त्याने पोराला शिकायला थेट रोमला आणलं. पुढे पोरगा इ.स.पू. 42 मध्ये फिलिपीच्या लढाईत ब्रूटसच्या बाजूने लढला, म्हणजे हरलेल्या बाजूने. त्यानंतर त्याला मेसिनसचा आश्रय मिळाला जो जिंकलेल्या ऑगस्टसचा, म्हणजे रोमच्या पहिल्या सम्राटाचा, अगदी जवळचा माणूस. असा माणूस आरडाओरडा करणार नाही हे उघड आहे. तो हळू बोलतो, हसत हसत खरं सांगायला कोणाची हरकत आहे असं विचारतो, आणि एका कवितेत तर कमालच करतो. सॅटर्नेलिया म्हणजे डिसेंबरमधला सण, त्यात गुलामांना मालकाशी मोकळं बोलायची सूट असायची. होरेसचा गुलाम डेव्हस ती सूट घेतो आणि मालकाचेच वाभाडे काढतो, की तुम्ही शहरात असलात की गावाचं कौतुक करता आणि गावात असलात की शहराचं, बड्या माणसाचं जेवणाचं आमंत्रण आलं की सगळं टाकून धावता, मग तुमच्या-माझ्यात गुलाम कोण? होरेसला राग येतो आणि तो धमकी देतो की गप बस नाहीतर शेतावर मजुरीला पाठवीन. कविता तिथेच संपते. कवीने स्वतःच्याच हाताने स्वतःला हरवलंय, आणि डेव्हसच्या म्हणण्याला उत्तर नाही म्हणूनच धमकी आलीय हे वाचणाऱ्याला कळतं. मला ही अख्ख्या लॅटिन साहित्यातली सगळ्यात धीट कवितांपैकी एक वाटते.

ज्युव्हेनल आला सव्वाशे-दीडशे वर्षांनी. प्रजासत्ताक कधीच गेलेलं, सम्राट पक्के बसलेले, आणि हा म्हणतो की हे सगळं बघून सटायर न लिहिणंच अवघड आहे. त्याच्या एकूण 16 कविता. तिसरीत त्याचा मित्र रोम सोडून चाललाय, सामान गाडीत भरतोय आणि कारणं सांगतोय, रात्रभर गाड्यांच्या आवाजाने झोप नाही, वरून कौलं आणि भांडी डोक्यात पडतात, आणि आग लागली तर गरिबाचं होतं नव्हतं ते जळतं आणि त्याला कोणी घासभर अन्नही देत नाही, पण श्रीमंताचं घर जळलं की शहर शोक करतं आणि लोक इतक्या वस्तू आणून देतात की आग त्यानेच लावली असावी अशी शंका येते. मधे पर्सियस म्हणून एक आहे, सहा कविता लिहून 27 व्या वर्षी गेला, तो अवघड आहे, त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

प्रश्न: एवढं बोलून हे लोक जिवंत कसे राहिले? सम्राटांनी काहीच केलं नाही?

केलं की. ऑगस्टसने इ.स. 8 मध्ये कवी ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी टोमिसला पाठवून दिलं आणि तो परत आलाच नाही. टायबेरियसच्या काळात, इ.स. 25 मध्ये, क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकाराने सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची स्तुती केली आणि त्याच्या साथीदाराला, कॅशियसला, शेवटचा रोमन म्हटलं म्हणून खटला झाला, त्याने अन्न सोडून जीव दिला आणि त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. त्याच्याही कितीतरी आधी, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या 'बारा कोष्टकं' या रोमच्या जुन्या लेखी कायद्यातच बदनामीच्या गाण्यांना मृत्युदंड होता.

म्हणून ज्युव्हेनल पहिल्याच कवितेत सांगून टाकतो की मी फक्त मेलेल्यांवर लिहीन, ज्यांची राख फ्लॅमिनियन आणि लॅटिन रस्त्यांच्या कडेला आहे त्यांच्यावर. आणि मग चौथ्या कवितेत डोमिशियनला धरतो, जो इ.स. 96 मध्येच मारला गेलेला. एका कोळ्याने सम्राटाला भलामोठा मासा आणून दिला, तो मावेल एवढं भांडं नाही, म्हणून राज्याच्या सल्लागारांना तातडीने बोलावलं जातं आणि ते घाबरत घाबरत, जशी युद्धाची चर्चा करावी तशी, माशाचं काय करायचं यावर मतं देतात. सम्राट मेलेला, पण त्या बैठकीसारख्या बैठका वाचकांच्या डोळ्यांसमोर चालूच असणार ना. मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि जिवंताला ऐकू जाईल असं बोलायचं, ही युक्ती मला रोमची सगळ्यात मोठी देणगी वाटते, कायद्यापेक्षाही जिवंत. कारण पुढे पश्चिमेने तीच वापरली, फक्त यावेळी मेलेला माणूस म्हणजे रोमच.

प्रश्न: मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे. अठराव्या शतकाला ऑगस्टन एज, म्हणजे ऑगस्टसचं युग, म्हणतात हे पाठ केलंय, पण रोमचा प्रभाव म्हणजे नेमकं काय झालं ते कुणी सांगत नाही.

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात थोडी आधीपासून करू. 1590 च्या दशकात लंडनमध्ये तरुण कवी ज्युव्हेनलच्या थाटात सटायर लिहायला लागले आणि ते इतकं झोंबलं की 1 जून 1599 ला कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप यांनी हुकूम काढला, यापुढे सटायर आणि एपिग्राम, म्हणजे चिमटे काढणाऱ्या छोट्या कविता, छापायचे नाहीत, आणि काही पुस्तकं जाळलीसुद्धा. मग 1693 मध्ये कवी ड्रायडनने ज्युव्हेनल आणि पर्सियसचं भाषांतर आणलं, सोबत सटायरच्या इतिहासावर लांबलचक निबंध, आणि तिथून शिकलेल्या इंग्रजी वाचकाला हे लोक घरचे झाले. शाळेत लॅटिन घोकून घेतलेलं असायचं, त्यामुळे होरेसच्या ओळी लोकांना तोंडपाठ होत्या. हे लक्षात ठेव, कारण पुढची सगळी गंमत त्यावर उभी आहे.

आता पोप, म्हणजे इंग्रज कवी अलेक्झांडर पोप. 1733 पासून तो होरेसची 'इमिटेशन्स', म्हणजे होरेसच्या कवितांची स्वतःच्या काळाला लावलेली रूपं, छापायला लागला, पानाच्या एका बाजूला लॅटिन आणि समोर त्याचं इंग्रजी. वाचकाने दोन्ही बघायचं आणि फरक कुठे केलाय ते ओळखायचं. 1737 मध्ये त्याने होरेसचं ऑगस्टसला लिहिलेलं पत्र घेतलं. होरेसने त्यात सम्राटाची मनापासून स्तुती केलीय, तू एकटा एवढं राज्य सांभाळतोस, शस्त्रांनी रक्षण करतोस, वगैरे. इंग्लंडच्या राजाचं, दुसऱ्या जॉर्जचं, पूर्ण नाव जॉर्ज ऑगस्टस. पोपने तीच स्तुती जवळपास तशीच या ऑगस्टसला केली, ज्याला कवितेशी काही घेणंदेणं नव्हतं. एकही वाईट शब्द नाही, सगळं कौतुकच, आणि ज्याला मूळ माहितीय त्याला प्रत्येक ओळ टोचते. आता यावर खटला भरायचा तरी कसा? होरेसचं भाषांतर केलं म्हणून?

त्याच 1737 मध्ये पंतप्रधान वॉलपोलच्या सरकारने लायसन्सिंग अ‍ॅक्ट आणला, नाटक स्टेजवर आणायच्या आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, आणि ही नाटकांची सेन्सॉरशिप इंग्लंडमधून गेली ती थेट 1968 ला. म्हणजे स्टेजवर कुलूप पडलं, पण छापील कविता मोकळी होती. दुसऱ्याच वर्षी सॅम्युअल जॉन्सन नावाच्या तेव्हा कोणालाच माहीत नसलेल्या तरुणाने 'लंडन' छापलं, स्वतःचं नाव न घालता. ते ज्युव्हेनलच्या तिसऱ्या कवितेवर बेतलेलं, मित्र शहर सोडून चाललाय, फक्त रोमऐवजी लंडन, आणि ज्युव्हेनल जिथे ग्रीकांवर चिडतो तिथे जॉन्सन फ्रेंचांवर. गरिबीत गुण वर यायला वेळ लागतो ही ओळ त्याने मोठ्या अक्षरांत छापली, ती ज्युव्हेनलची पण होती आणि उपाशी राहून लिहिणाऱ्या जॉन्सनची पण. पुढे 1749 मध्ये 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस'साठी त्याने ज्युव्हेनलची दहावी कविता घेतली. ज्युव्हेनल तिथे म्हणतो रोमचा मोठा शत्रू, सेनापती हॅनिबल, त्याची राख तराजूत टाकून बघा किती भरते, आल्प्स ओलांडून गेलास आणि शेवटी शाळकरी पोरांच्या भाषणाचा विषय झालास. जॉन्सनने हॅनिबलच्या जागी स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स बसवला, जो 1709 ला पोल्टाव्हाला हरला आणि 1718 मध्ये नॉर्वेतल्या एका किल्ल्यासमोर गोळी लागून मेला. वाचून बघ, मला तरी ती कविता मूळच्या तोडीची वाटते, काही ठिकाणी जास्त दुःखी.

तर प्रभाव म्हणजे हे, नुसती नक्कल नव्हे. दोन काळ एकाच पानावर ठेवायचे आणि बोलायचं काम वाचकाच्या डोक्यावर सोपवायचं. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाल्या स्विफ्टने तर 1745 मध्ये जाताना डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमधल्या स्वतःच्या शिलालेखात लॅटिनमध्येच लिहून ठेवलं की आता तो भयंकर संताप त्याचं काळीज फाडू शकणार नाही.

प्रश्न: 'ब्रेड अँड सर्कस' आणि 'रखवालदारांवर रखवाली कोण करणार' ही दोन्ही ज्युव्हेनलचीच का?

हो, दोन्ही त्याचीच. पहिलं दहाव्या कवितेतलं, जे लोक एकेकाळी सैन्य आणि पदं वाटायचे ते आता फक्त धान्य आणि शर्यती मागतात अशी तक्रार. दुसरं सहाव्यातलं आणि तिथे सरकार-पोलीस असं काहीच नाही, बायकोवर पहारा ठेवणाऱ्या नवऱ्याला दिलेलं उत्तर आहे ते.

प्रश्न: पण त्याच सहाव्या कवितेत बायकांबद्दल किती घाण लिहिलंय! आणि तिसऱ्यात परदेशी लोकांबद्दल. असल्या माणसाचं कौतुक का करायचं?

तुमचा राग बरोबर आहे. सहावी त्याची सगळ्यात लांब कविता आहे आणि ती वाचताना त्रास होतो. काही अभ्यासक म्हणतात की बोलणारा ज्युव्हेनल नाही, त्याने उभं केलेलं एक चिडकं पात्र आहे. त्यात तथ्य आहे, पण त्याने सगळं धुऊन निघतं असं मला वाटत नाही. संताप हे हत्यार आहे आणि ते वरच्यावर जसं चालतं तसं खालच्यावरही चालतं, ही या परंपरेची खरी अडचण आहे आणि पश्चिमेने हत्याराबरोबर तीही घेतली. पोपनेच 1733 च्या होरेसवाल्या पहिल्या कवितेत लेखिका लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यूवर एक अतिशय गलिच्छ वार केला. मात्र तिने महिन्याभरात, बहुतेक लॉर्ड हर्वीच्या मदतीने, पद्यातच उत्तर छापलं आणि नेमकं त्या दोन बाजूंच्या पानावरच बोट ठेवलं, की एकीकडे रोमन बुद्धी आणि शेजारी इंग्रजी संताप. म्हणजे हत्यार एकाच बाजूकडे राहिलं नाही. म्हणून वाचायचं, आणि जिथे चूक आहे तिथे चूक म्हणत वाचायचं.

प्रश्न: गद्यात काही नाही का? आणि सुरुवात कुठून करू? लॅटिन येत नाही.

गद्य आहे, आणि सोपंही आहे. तत्त्वज्ञ सेनेकाला सम्राट क्लॉडियसने कोर्सिका बेटावर हद्दपार केलं होतं, इ.स. 54 मध्ये सम्राट मेला तेव्हा सेनेकाने गद्य-पद्य मिसळून एक छोटी रचना लिहिली, क्लॉडियस स्वर्गाच्या दारात येतो, देव सिनेटसारखी चर्चा करतात आणि त्याला हाकलून देतात. ल्युसिलियसची देवांची सभा आठवा. इंग्रज कवी बायरनने 1822 मध्ये मेलेल्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, स्वर्गाच्या दारात उभं केलं तेही याच घाटात, आणि प्रकाशकाला त्यासाठी 100 पौंड दंड झाला. रोमन लेखक पेट्रोनियसच्या कादंबरीतली नवश्रीमंत ट्रिमाल्कियोची मेजवानीही घ्या, पानोपानी खाणं आणि दिखावा.

लॅटिनची गरज नाही, इंग्रजीत टिपांसकट चांगली भाषांतरं मिळतात, टिपा नसलेली घेऊ नका कारण नावं कळणार नाहीत. आधी होरेसची चिकटून बसणाऱ्या माणसाची कविता, पहिल्या पुस्तकातली नववी, छोटी आहे. मग डेव्हसची, ती दुसऱ्यातली सातवी. मग ज्युव्हेनलची तिसरी आणि लगेच त्याच बैठकीत जॉन्सनचं 'लंडन'. पोपचं ऑगस्टसवालं पत्र मात्र होरेसचं मूळ पत्र वाचल्याशिवाय उघडू नका.