रागाची ओळख घरातूनच करून घ्या

शास्त्रीय संगीत ऐकायचं ठरवलंत, छान. पण एकदम तासाभराचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल लावून बसू नका, पंधराव्या मिनिटाला हात फोनकडे जाईल. (माझा गेला होता.) लहानपणी घरात काय वाजायचं ते आधी आठवा.

आमच्याकडे रामनवमीला गीतरामायण असायचं. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ही ५६ गाणी झाली. त्यातलं पहिलं, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, भूप रागातलं. म्हणजे स्वर फक्त सा रे ग प ध, मध्यम-निषाद (म, नी) नाहीत. मला हे चाळिशीत कळलं! मग किशोरीताई आमोणकरांचं, भूपातलंच ‘सहेला रे’ लावलं, तर गंधारावरून (ग) पंचमाकडे (प) जाणारी वाट ओळखीची निघाली. आई पोळ्या लाटताना नेमकं तेवढंच गुणगुणायची.

तेव्हा तुमचं एक गाणं निवडा, राग शोधा, आणि महिनाभर तोच ऐका, वेगवेगळ्या गळ्यांतून. तो भूप असेल, तर नंतर देसकार हा राग लावा. स्वर तेच, पण जोर धैवतावर (ध). सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतील, वाटू द्या.

आणि घरी फक्त किशोरकुमार वाजत असेल, तर लाजू नका. तिथूनही वाट आहेच.