‘एचआर सांगेपर्यंत बोलू नका’: केअर होमच्या नव्या मॅनेजरताईंना उत्तर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. इंग्लंडमधल्या केअर होमची (वृद्ध आणि आजारी माणसांच्या निवासाची) मॅनेजर म्हणून नुकती जबाबदारी आली, दिवसाची आणि रात्रीची सीनियर केअरर एकमेकींशी बोलत नाहीत, एका आजोबांची मुलगी रोज लांबलचक ईमेल पाठवते आणि त्यात कौन्सिललाही (स्थानिक प्रशासनालाही) घेते, आणि हेड ऑफिसचं एचआर म्हणतं की आम्ही सांगेपर्यंत तिला भेटू नका. हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला. मी डेप्युटी मॅनेजर होते तेव्हा आमच्याकडे हेच झालं होतं.

आधीच सांगते, मी वकील नाही. सोलापूरला नर्सिंग केलं, इकडे येऊन केअररपासून सुरुवात केली, आता रजिस्टर्ड मॅनेजर, म्हणजे होमची अधिकृत नोंदणी झालेली जबाबदार मॅनेजर, आहे. सांगतेय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम नि तपासणी करणारे वेगळे. शांतपणे ऐका, आवाज चढवू नका, सुपरव्हिजन, म्हणजे स्टाफशी एकेकट्याने बोलायच्या बैठका, वेळेवर घ्या, हे मॅनेजरांच्या लेव्हल ५ च्या डिप्लोमात येतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास व्हायचा, म्हणून स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्टने त्यांना जेवणाच्या पातळ्यांमधलं लेव्हल ५ चं, म्हणजे बारीक केलेलं ओलसर जेवण सांगितलं होतं. एका दुपारी मुलीने चहाबरोबर शॉर्टब्रेडचं बिस्किट भरवायला घेतलं. आमच्या केअररने ते तिच्या हातातून काढून घेतलं. लाउंजमध्ये, सगळ्यांसमोर, एक शब्द न बोलता. केअररची भीती शंभर टक्के खरी होती, ठसका लागून माणूस जाऊ शकतो. पण मुलीला दिसलं ते एवढंच, की बापाला भरवताना कुणीतरी हातातला घास हिसकावला. ती ओरडली, केअरर रडत स्टाफरूममध्ये गेली, आणि संध्याकाळी तक्रारीचा ईमेल आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून कॉफीला बोलावलं असतं, तर अर्ध्या तासात मिटण्यासारखं प्रकरण होतं. आमच्या तेव्हाच्या मॅनेजर फोन उचलणारच होत्या. तेवढ्यात हेड ऑफिसचा निरोप आला: उत्तर आम्ही देऊ, तुम्ही भेटू नका, आणि ‘सॉरी’ तर अजिबात म्हणू नका, ती चुकीची कबुली ठरेल. मग आठवडे गेले. तिथला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी पत्र गेलं ते साच्यातलं: तुम्हाला तसं वाटलं याबद्दल आम्हाला खेद आहे. त्यात बिस्किटाचा उल्लेख नाही, थेरपिस्टचा नाही, आजोबांचं नावसुद्धा एका ठिकाणी चुकलेलं.

त्या काळात ती मुलगी रोज यायची. कोट न काढता वडिलांशेजारी बसायची, मांडीवर वही. कोण किती वाजता आलं, पाणी कधी दिलं, सगळं लिहायची. केअरर त्या खोलीत जायला कचरायला लागले, म्हणजे आजोबांकडेच कमी जाणं व्हायला लागलं. स्टाफमध्ये दोन तट पडले. ज्या केअररने बिस्किट काढून घेतलं ती स्पॉन्सरशिपवर, म्हणजे होमच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेली होती. आपल्याबद्दल काय चाललंय हे तिलाही कुणी सांगत नव्हतं. ती दुसऱ्या होममध्ये निघून गेली. इतकी चांगली केअरर मला पुन्हा फार क्वचित मिळाली. हे सगळं त्या एका ‘थांबा’ने झालं, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी कौन्सिलच्या सोशल वर्करने बैठक लावायला लावली. मुलीने पहिलंच विचारलं, “बिस्किट का घेतलंत, एवढं कुणीतरी मला सांगायचं होतं.” थेरपिस्टचा नवा सल्ला आला तेव्हा ती परगावी होती, तिच्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. तिला आरोग्याचा धोका समजत होता, तिला फक्त वडिलांसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं होतं. थेरपिस्ट पुन्हा येऊन गेली. पाठ सरळ ठेवून बसवायचं, लहान चमचा, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा, हे तिने मुलीला शेजारी बसून शिकवलं, आणि चालतील असे पदार्थ लिहून दिले. त्यानंतर ती घरून कस्टर्ड करून आणायची. वही बंद झाली.

आता तुम्हाला उपयोगी पडेल ते. माफी मागितली की चूक कबूल केली, हे इथल्या कायद्यात बसत नाही. २००६ च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टच्या कलम २ मध्ये स्पष्ट आहे की माफी मागणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली होत नाही. त्यावर ड्यूटी ऑफ कँडर, म्हणजे घडलं ते मोकळेपणाने सांगण्याचं कर्तव्य आहे, आरोग्य आणि केअर सेवांच्या २०१४ च्या नियमांमधला नियम २०, आपल्या क्षेत्राला एप्रिल २०१५ पासून लागू. गंभीर इजेची घटना असेल तर शक्य तितक्या लवकर समोरासमोर सांगणं, माफी मागणं आणि नंतर लेखी देणं बंधनकारक आहे. तुमचं प्रकरण बहुधा त्या पातळीचं नाही, पण मोकळेपणाने वागण्याची अपेक्षा त्याच नियमात सरसकट आहे. तक्रारींसाठी नियम १६ वेगळा. हेड ऑफिसला ईमेल करा आणि सरळ विचारा: कोणत्या कारणासाठी भेटू नये, आणि कधीपर्यंत? उत्तर लेखी मागा. तोंडी ‘थांबा’ म्हणणारी माणसं लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा मवाळ होतात. उद्या सीक्यूसीच्या (इंग्लंडमधल्या केअर सेवा तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासणीत प्रश्न रजिस्टर्ड मॅनेजरलाच विचारले जातील, हेही लक्षात असू द्या.

मात्र एक अपवाद नीट सांभाळा. मारहाण, छळ, पैशांची अफरातफर असा आरोप असेल तर सेफगार्डिंगकडे (कौन्सिलच्या छळापासून संरक्षणाच्या विभागाकडे) कळवायचं आणि कौन्सिल किंवा पोलीस सांगेपर्यंत स्वतः चौकशी करायची नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. तिथे ‘थांबा’ बरोबर आहे. तरीही घरच्यांना “तुमचं म्हणणं मिळालं, पुढे कळवलंय, गुरुवारी मी स्वतः फोन करेन” एवढं सांगता येतं. कळवण्यासारखं काही नसलं तरी गुरुवारी तो फोन करा.

मुलीच्या ईमेलला सगळ्यांना घेऊन उत्तर देत बसू नका. आज फोन करा, भेटीची वेळ द्या. तुमच्या ऑफिसात टेबलापलीकडे बसून बोलू नका, शांत लाउंज बघा. पहिल्या दहा मिनिटांत स्पष्टीकरण देऊ नका. जे ठरलं ते त्याच दिवशी साध्या चार ओळींत तिला पाठवा. “माझ्याकडे पॉवर ऑफ अटर्नी आहे, मी सांगेन तेच” असं तिने म्हटलं तर कागद बघायला मागा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. मालमत्तेची वेगळी असते आणि आरोग्याची वेगळी, आणि आरोग्याची तेव्हाच चालते जेव्हा त्या विशिष्ट निर्णयाची क्षमता त्या व्यक्तीत नसते. आजोबांना कळत असेल तर आधी त्यांना विचारा. भांडणाच्या गदारोळात सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलत असतात आणि मला याचा मनापासून राग येतो.

कुणी तिला भेटीलाच बंदी घाला असं सुचवलं तर ऐकू नका. ६ एप्रिल २०२४ पासून त्याच २०१४ च्या नियमांमध्ये भेटीगाठींचा नियम ९ए आहे. भेट रोखायला तसंच असाधारण कारण लागतं. ईमेल फार येतात हे त्यात बसत नाही.

आता दोन सीनियर. दिवसाची म्हणते रात्री आजी-आजोबांची कूस बदलल्याच्या नोंदी नसतात, रात्रीची म्हणते दिवसाचे लोक लाँड्री आणि पॅड्स भरून ठेवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. दोघीही खरं बोलत असतील. तुम्ही रात्रीच्या शिफ्टला जाऊन बसा, पहाटेपर्यंत. दिवसा केबिनमध्ये बोलावून रात्रीचं काम कळत नाही, आणि झोपमोड करून आलेल्या माणसाशी समेटाचं बोलणं होत नाही. मग हँडओव्हरला, शिफ्ट बदलताना काम सोपवतात तेव्हा, उभ्या राहा. आमच्याकडे अशीच कुरबुर होती. रात्री दोनच जणी, त्यात एक औषधं देण्यात अडकलेली, म्हणून नोंदी पहाटे आठवून लिहिल्या जायच्या. तो प्रश्न रोटाचा, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचा होता. तो न सोडवता दोघींना हस्तांदोलन करायला लावून काही साधलं नसतं.

तुम्ही म्हणता रात्रीची स्पॉन्सरशिपवर आहे. तिचं गप्प बसणं संमती समजू नका. नोकरी गेली आणि व्हिसाची मुदत कमी केली गेली तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो, आणि २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची परदेशातून नवी भरतीच बंद आहे, म्हणजे परत गेलं की पुन्हा यायची वाट नाही. घरी आईवडिलांचं, कर्जाचं ओझं वेगळं. भांडणाच्या बैठकीत व्हिसाचा ‘व्ही’सुद्धा तुमच्या तोंडून निघता कामा नये, गमतीतही नाही. आणि तुम्ही दोघी मराठी असाल तर तिच्याशी या विषयावर कॉरिडॉरमध्ये मराठीत बोलू नका. दिवसाच्या सीनियरला वाटणारच की ठरवून चाललंय. रेसिडेंटसमोर, म्हणजे होममध्ये राहणाऱ्यांसमोर, त्यांना समजेल तीच भाषा, हा नियम ठेवा. ब्रेकमध्ये कुणी कुठल्या भाषेत बोलावं यावर मात्र सरसकट बंदी घालू नका, ते भेदभावात जाऊ शकतं.

जाता जाता, स्टाफचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर त्यातून रेसिडेंटबद्दल आणि वादाबद्दल सगळं बंद करा. आमच्याकडचे निम्मे गैरसमज रात्री अकराच्या मेसेजमधून व्हायचे.

मुलीला फोन आधी, सीनियरचं नंतर, असा क्रम मी ठेवला असता. दोघींपैकी कुणी लेखी ग्रीव्हन्स, म्हणजे नोकरीतली रीतसर तक्रार, दिली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल तर अनौपचारिक बोलण्याचा माझा सल्ला तसाच लागू करू नका. अ‍ॅकासच्या (कामाच्या ठिकाणच्या वादांत सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) कोडप्रमाणे रीतसर बैठक घ्यावी लागेल आणि तिला सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस आणायचा हक्क असेल. तेवढं इथे कळवा, मग पुढचं लिहिते.